शकुंतलेच्या बॉयलरमधले क्षार

मूर्तिजापूर-यवतमाळ हा ‘शकुंतला’ या गाडीचा अडीच फुटी गेजचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाला. आज वाशीम जिल्ह्यात असलेले कारंजा लाड हे या मार्गावरचे कापसाचे मोठे ठाणे. मार्गाची मालकी, मँचेस्टरच्या गिरण्या आणि वऱ्हाडचा कापूस यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. इंजिनाच्या पोटात साचणाऱ्या क्षारांशी शेडमधली माणसे जी झुंज देत, तिची दखल मात्र फारशी आढळत नाही, आणि गाडी तर त्या कामावरच चालत होती.

काळ्या पाषाणातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. बॉयलरमधून वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. बायकार्बोनेट तापताच फुटून त्याचा न विरघळणारा गाळ होतो. कॅल्शियम सल्फेटचा थर जास्त चिवट, आणि तो सर्वांत तापलेल्या पत्र्यावरच धरतो. हा थर उष्णता जाऊ देत नाही. कोळसा जास्त जळतो, आणि पाण्यापासून तुटलेला पत्रा तापून फुगतो, नळ्या गळू लागतात.

यावर रेल्वेतला रूढ उपाय म्हणजे ठरावीक दिवसांनी बॉयलर वॉशआउट. पहिली अट, घाई नको. बॉयलर गरम असताना पाणी सोडले तर मऊ गाळ पत्र्यावर भाजून पक्का होतो, आणि गार पाण्याच्या माऱ्याने पत्र्याला तडे जाण्याची भीती असते. म्हणून इंजिन सावकाश निवू देत. मग फायरबॉक्सच्या कोपऱ्यांतले डाट काढून जोराच्या पाण्याने गाळ धुवायचा, भोकातून लोखंडी सळई घालून खपल्या सोडवायच्या, आणि आत दिवा धरून पत्रा उघडा पडला की नाही ते पाहायचे. खरे कौशल्य या शेवटच्या पाहणीत होते. थर धरूच नये म्हणून पाण्यात सोडा घालणे आणि चालत्या इंजिनातून गाळ फुंकून काढणे, हेही रेल्वेत चाले.

ॲल्युमिनाच्या कारखान्यांतही थर साचण्याचा हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो.  बॉक्साइट हे खनिज कॉस्टिक सोड्यात शिजवताना त्यातली सिलिका सोडियम ॲल्युमिनोसिलिकेट होऊन हीटरच्या नळ्यांवर बसते. तो थर सौम्य आम्लाने धुतात किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फोडतात.

शकुंतलेचे मँचेस्टरमध्ये 1921 साली बांधलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन 1923 पासून सत्तर वर्षांहून अधिक काळ धावले. 15 एप्रिल 1994 रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आले.