रात्रीच्या पाळीला बॅटरी कोणती घ्यावी? एलईडी, सेल, चार्जिंगची माहिती

शेतीपंपाला रात्रीच्या पाळीत लाईट आली की दारं धरायला अंधारातच जावं लागतं. बांधावरचा साप वेळेत दिसणं हातातल्या बॅटरीवर अवलंबून असतं. त्यामुळे ती घेताना या गोष्टी तपासा.

एलईडी उजेड कशी देते?
जुन्या बल्बमध्ये तार तापून उजेड पडायचा आणि बहुतेक वीज उष्णतेतच जायची. एलईडीत तार नसते. तिच्यातल्या बारीक चिपमधून वीज वाहिली की थेट उजेड पडतो. पांढऱ्या एलईडीची चिप खरं तर निळा उजेड देते. वरचा पिवळा थर त्यातला काही भाग पिवळा करतो, म्हणून डोळ्याला पांढरं दिसतं. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

किती वेळ चालेल?
हिशोब सोपा आहे. लिथियम सेल ३.७ व्होल्टचा आणि २००० एमएएचचा असेल, तर त्यात ७.४ वॅट-तास वीज मावते. एलईडी ३ वॅटची असेल तर साधारण दोन-अडीच तास. सेल जुना झाला की वेळ कमी होतो. पाळी आठ तासांची असेल तर कमी उजेडाचं बटण असलेली बॅटरी घ्या.

झोत कसा हवा?
लांब पडणारा झोत मोटारीकडे बघायला बरा, पण पायाखाली पसरट उजेड लागतो. खोरं धरायचं असेल तर डोक्याला बांधायची बॅटरी सोयीची, दोन्ही हात मोकळे राहतात.

चार्जिंग करताना
• जड, ४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकामी ठेवली की लवकर खराब होते. वापरून आल्यावर लगेच चार्जिंगला लावा.
• लिथियम सेल फुगला असेल तर वापरू नका. बॅटरी उन्हात ठेवू नका.

एवढं विसरू नका
उजेड बघून साप पळेलच असं नाही. मण्यार तर रात्रीच फिरते. गमबूट घाला, काठी आपटत चला. साप चावलाच तर जखम कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा.