अर्ज, चौकशी आणि मान्यता : पुणे सार्वजनिक सभेचा एक अभ्यास

प्रस्तावना :
स्वयंसेवी संस्थांनी शासकीय धोरणावर प्रभाव टाकावा काय, हा प्रश्न अलीकडचा मानला जातो. तथापि महाराष्ट्रात त्याची मांडणी एकोणिसाव्या शतकातच झाली होती. पुणे सार्वजनिक सभेच्या कार्याच्या आधारे, विशेषतः भीमथडी आणि शिरूर परिसराच्या संदर्भात, या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. आज दौंड तालुक्यात असलेले यवत त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडत होते.

प्रातिनिधिकतेचा दावा :
पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून २ एप्रिल १८७० रोजी सभेची स्थापना झाली. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे तिचे प्रमुख प्रवर्तक होते. किमान ५० प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणणाऱ्यासच सभासद करून घेण्याचा नियम होता. आरंभी ९५ सभासदांनी सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रे मिळविली होती. निवडणुकीने बनलेले विधिमंडळ नसलेल्या काळात, 'आम्ही कोणाच्या वतीने बोलतो' याचा लेखी पुरावा देण्याचा हा प्रयत्न होता. १८७१ मध्ये न्या. रानडे पुण्यात आल्यानंतर सभेच्या अर्जांना चौकशी आणि आकडेवारीची जोड मिळाली.

भीमथडीचा अनुभव :
१८६७ पासून इंदापूर, भीमथडी आदी तालुक्यांत जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा बराच वाढला. सभेने १८७२ मध्ये उपसमिती नेमून शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली. १८७४ मध्ये मुंबई सरकारने सारावाढीला मर्यादा घातली : तालुक्यास ३३, गावास ६६ आणि वैयक्तिक धारणेस १०० टक्के. या निर्णयाचे श्रेय एकट्या सभेस देणे अर्थातच अनैतिहासिक ठरेल.

कारण शेतकरी केवळ अर्जांवर विसंबून राहिले नव्हते. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथे सावकारावर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडीतील सुपे येथे दंगा उसळला. कर्जखतांचा नाश हा या उठावाचा मुख्य हेतू होता. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. सभेतील बहुसंख्य मंडळी शहरी, सुशिक्षित आणि उच्चवर्णीय होती. महात्मा फुले यांनी तिच्या प्रातिनिधिकतेवर घेतलेला आक्षेप या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. मुखत्यारपत्रामुळे बोलण्याचा अधिकार मिळत असला, तरी त्यामुळे कुळवाड्याचा अनुभव अंगी येत नाही.

दोन दुष्काळ, दोन पद्धती :
१८७६-७७ च्या दुष्काळात सभेने ठिकठिकाणच्या प्रतिनिधींमार्फत माहिती जमवून सरकारला सविस्तर निवेदने पाठविली आणि दुष्काळी कामांवरील अपुऱ्या मजुरीकडे लक्ष वेधले. तिचे त्रैमासिक १८७८ मध्ये सुरू झाले. १८९५ मध्ये सभा टिळकपक्षाच्या हाती गेली. पुढील वर्षी रानडे व गोखले यांच्या पुढाकाराने डेक्कन सभा स्थापन झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेचे प्रचारक खेड्यांत गेले आणि दुष्काळ संहितेनुसार रयतेस कोणत्या सवलती मिळू शकतात हे सांगू लागले. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. धोरणविषयक प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करणारी संस्था म्हणून तिचे स्थान संपले.

येथे एक बाब लक्षणीय आहे. सरकारी संहितेतील तरतुदीच प्रचारक सांगत होते. बदलला होता तो श्रोता. रयतेची माहिती सरकारला देणारी संस्था सरकारला चालत होती. सरकारचे नियम रयतेला समजावणारी संस्था मात्र त्यास राजकीय वाटली.

समारोप :
परकीय देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्याने आणि २०११ च्या नियमांनी 'राजकीय स्वरूपाची संघटना' कोणती, हा प्रश्न नव्याने पुढे आणला. सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेने लोकहितासाठी बंद, हरताळ यांसारख्या मार्गांना पाठिंबा दिला, एवढ्यावरून तिला परकीय निधी नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. दोन्ही काळांतील राज्यव्यवस्था भिन्न आहेत, याचे भान ठेवूनही सभेच्या इतिहासातून दोन निकष हाती लागतात. संस्थेने आपण कोणाच्या वतीने बोलतो हे सिद्ध केले पाहिजे. आणि शासनाने, नागरिकास त्याचा हक्क सांगणे हा अपराध मानता कामा नये. पहिला निकष सभेला पूर्णपणे पाळता आला नाही, तर दुसरा तत्कालीन सरकारने पाळला नाही.