निळा स्क्रीन: कॉम्प्युटर थांबतो, कारण...

तर झालं असं. मे महिन्यातली दुपार, रामटेकचं ऊन आणि माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. मनसरच्या मँगनीज खाणींच्या परिसरातल्या विहिरींच्या पाण्याचे आकडे घरच्या कॉम्प्युटरवर भरत होते. अचानक स्क्रीन निळाशार. त्या दिवशी चौथ्यांदा! दुरुस्तीवाले दादा म्हणाले, "ताई, फॉरमॅट मारून देऊ का?" दोन महिन्यांचं काम, आणि दुसरी प्रत नाही. मशीन तशीच घरी आणली आणि मोबाइलवर या निळ्या स्क्रीनचा इतिहास वाचत बसले.

गंमत म्हणजे सुरुवातीला असे निळे स्क्रीन एक नाही, तीन होते. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रॅम अडकला आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं, की एक निळी सूचना यायची. तिचा मजकूर स्टीव्ह बामर यांनी लिहिला होता. विंडोज ९५ मधल्या स्क्रीनला अंतिम रूप दिलं रेमंड चेन यांनी. तिथे एखादं बटण दाबून बऱ्याचदा पुढे जाता यायचं, पण पुढे काय बिघडेल याचा भरवसा नाही.

आपला आजचा निळा स्क्रीन मात्र १९९३ च्या विंडोज एनटीचा वारस. तो जॉन व्हर्ट यांनी लिहिला. इथे "पुढे जा" हा पर्यायच नाही. सिस्टीमच्या गाभ्यात गडबड दिसली, की सगळं जागच्या जागी थांबवायचं, कारणाचा कोड दाखवायचा आणि मेमरीतली स्थिती डिस्कवर उतरवून ठेवायची. म्हणजे हा स्क्रीन आजार नाही, पंचनामा आहे!

लोकांनी मात्र त्याची चेष्टाच जास्त केली. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोत बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चालू होतं. स्कॅनर जोडला आणि भर सभेत निळा स्क्रीन आला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख मशीन बंद पडल्या. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. २०२५ मध्ये विंडोज ११ ने निळा रंग सोडून काळा घेतला. काम तेच.

आता माझा पंचनामा. कोड होता "मेमरी मॅनेजमेंट". (रामटेकात रॅम बिघडली, हा विनोद मैत्रिणींनी करून झालाय.) आधी सगळ्या फाइल पेन ड्राइव्हवर घेतल्या. मग प्रयोगशाळेतला नियम लावला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, क्रॅश चालूच. तीच परत लावून दुसरी काढली, दोन दिवस शांतता. दुसरी खोडरबराने घासून, वेगळ्या खाचेत, एकटीच लावून पाहिली. पुन्हा निळा! म्हणजे खाच नाही, पट्टीच खराब. फॉरमॅट मारून काही उपयोग झाला नसता.

खरी धास्ती नंतर वाटली. खराब रॅम आकडाही बदलू शकते. म्हणून सगळे आकडे कागदी नोंदवहीशी ताडून पाहिले. दोन जुळले नाहीत. चूक माझी की रॅमची, सांगता येणार नाही. पण मशीन थांबलीच नसती, तर मी ताडून पाहिलं असतं का?

तुमच्याकडे निळा (किंवा आता काळा) स्क्रीन आला, तर रिस्टार्टची घाई करू नका. कोडचा फोटो काढा. आणि दुसरी प्रत आजच करा, बरं का!