चोळीला आकडा नव्हता

आज ज्या कपड्याबद्दल बोलायचं आहे, तो आपण दोरीवरसुद्धा साडीच्या आड वाळत घालतो. त्याचं नाव घेताना आवाज आपोआप खाली जातो. कुणी बॉडी म्हणतं, कुणी ब्रा, कुणी नुसतंच ‘आतलं’. म्हसावदला घ्या नाहीतर शहाद्याला, दुकानात समोर गडी माणूस असतो आणि मागे चार गिऱ्हाइकं उभी असतात. मग पटकन “चौतीस द्या” म्हणायचं, कागदात गुंडाळलेलं पिशवीत टाकायचं आणि निघायचं. घरी येऊन घातलं तर पट्टा काचतो, नाहीतर हात वर केला की सगळंच वर चढतं. बदलून आणायची लाज वाटते, म्हणून तेच दोन वर्षं वापरायचं.

हा चौतीस आला कुठून? आपल्या पणजीला तो ठाऊक नव्हता. तिच्या चोळीला आकडाच नव्हता.

चोळी आपल्याकडे फार जुनी. अजिंठा आपल्या खानदेशाच्या वेशीवरच आहे. तिथल्या पहिल्या लेण्यात महाजनक राजाच्या चित्रात एक नाचणारी बाई आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांची, अंगाला चपखल बसलेली चोळी आहे. हे चित्र साधारण पंधराशे वर्षांपूर्वीचं. म्हणजे बाईच्या अंगाबरोबर कापड कसं बेतायचं, हे तेव्हाही कुणाला तरी नीट येत होतं.

पुढे महाराष्ट्रात चोळी म्हटलं की खण आला. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे खण आपल्या बाजारात येत, अजूनही येतात. ओटी भरताना खण सगळ्यांना सारखाच मिळतो, पण त्याची चोळी ज्या-त्या बाईच्या अंगावर बेतली जायची. ‘बेतणं’ हा आपला शब्द मला फार आवडतो, कारण त्यात माप आणि विचार दोन्ही आहे. जुनी चोळी पुढ्यात ठेवायची, कुठे काचते आणि कुठे सैल पडते ते विचारायचं, मग कात्री लावायची. कितीतरी बायका घरीच हातानं शिवायच्या. पुढचे दोन भाग तुकडे जोडून फुगीर करायचे, म्हणजे छाती दाबली जात नसे.

आणि गाठ! चोळीला पुढे बटण नसे. दोन टोकं छातीच्या बरोबर खाली आणून गाठ मारायची. ही गाठ साधी दिसते, पण सगळं काम तिचंच आहे. छातीचं वजन खांद्यावर न लटकता खालून पेललं जातं. पोट वाढलं, दूध आलं, तर गाठ थोडी सैल करायची. पोराला पाजायला ती सोडली की झालं. बंजारा बायकांच्या कांचळीला पाठीवर नाड्या असतात, त्यांचाही उपयोग तोच. अंग बदलतं, तसं कापडही त्याच्याबरोबर कमी-जास्त होतं.

मग ब्लाउज आलं. त्याची एक वाट मुंबईतून गेली. १८६४ साली बंगालच्या ठाकूर घराण्यातल्या ज्ञानदानंदिनी देवी नवऱ्याच्या नोकरीपायी मुंबईला आल्या. पारशी बायका साडी कशी नेसतात, हे त्यांनी पाहिलं, आणि ती नेसण आत ब्लाउज-परकर घालून त्यांनी बंगालमध्ये नेली. आपल्याकडे गावोगावी हा बदल सावकाश आला. नऊवारीची पाचवारी झाली, चोळीचं पोलकं झालं, कुठे झंपर झालं. झंपर म्हणजे इंग्रजांचा जंपरच. शिंप्याकडे टेप आला आणि वहीत ‘छाती ३६’ अशी नोंद होऊ लागली. तिथे पहिल्यांदा बाईला आकडा मिळाला. तो एकच होता, आणि भरल्या छातीवरून टेप फिरवून घेतलेला.

एक गोष्ट मात्र सुटली. बटणांच्या पोलक्यात चोळीसारखी खालून धरणारी गाठ नव्हती. पोलकं अंग झाकतं, पेलत नाही. चोळी एकटी जी दोन कामं करायची, त्यासाठी आता दोन कपडे लागू लागले. म्हणून आतली बॉडी आली.

ती ज्या मुलखातून आली, तिथल्या बायकांचे हाल आपल्यापेक्षा बरे होते असं समजू नका. युरोपातल्या बायका कॉर्सेट नावाचा, काड्या घातलेला, करकचून आवळायचा कमरपट्टा वापरत. १८८९ च्या सुमारास पॅरिसच्या हर्मिनी कादोल या शिवणारणीनं त्याचे दोन तुकडे केले. वरचा तुकडा खांद्यावरच्या पट्ट्यांनी धरलेला. १९१४ साली अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब हिनं दोन रुमाल आणि रिबन जोडून सुचलेल्या नमुन्याचं पेटंट घेतलं आणि पुढे ते वॉर्नर कंपनीला १५०० डॉलरला विकून टाकलं. (कंपनीनं त्यावर किती कमावलं असेल, याचा हिशोब आपल्या गटाच्या खजिनदारणीनं करावा.) पण हे फार नवं होतं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या लेंगबर्ग किल्ल्यात २००८ साली जुन्या चिंध्या सापडल्या. पंधराव्या शतकातल्या त्या लिननच्या कापडात वाट्या शिवलेल्या बॉड्या निघाल्या! कुण्या बाईनं त्या घरातच बेतल्या असणार.

कारखान्यातला माल मात्र अंगावर बेतता येत नाही. डब्यावर काहीतरी लिहावं लागतं. सुरुवातीला एकच आकडा असे. पण सारख्या आकड्याच्या दोन बायकांची छाती सारखी नसते. एकीचा पिंजरा रुंद आणि छाती लहान, दुसरीचं उलट. १९३२ साली अमेरिकेतल्या कॅम्प कंपनीनं छातीच्या आकाराला ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. १९३७ मध्ये वॉर्नरनं ती आपल्या मालावर आणली. तेव्हापासून मापाचे दोन भाग झाले: आकडा पट्ट्याचा, अक्षर वाटीचं.

आपली फसगत इथेच होते. आपण दुकानात ब्लाउजचा आकडा सांगतो. तो भरल्या छातीचा असतो, बॉडीचा नसतो.

हिशोब सोपा आहे. जावेला, नणंदेला, नाहीतर गटातल्या मैत्रिणीला मदतीला घ्या. टेप नसेल तर सुतळी चालेल. गुंडाळून खूण करायची आणि मग शिंप्याच्या टेपवर मोजायची. पहिलं माप छातीच्या अगदी खाली, जिथे चोळीची गाठ बसायची तिथे. श्वास सोडून, टेप अंगाला लागून, पाठीवर सरळ आडवा. दुसरं माप छातीच्या सगळ्यात उंच भागावरून, न आवळता.

समजा, खालचं माप ३० आलं आणि वरचं ३६. आपल्या बाजारातल्या पुष्कळ कंपन्या खालच्या मापात चार इंच मिळवतात. माप विषम आलं तर पाच. म्हणजे तीस आणि चार, चौतीस. आता वरच्या छत्तिसातून चौतीस वजा करा, उरले दोन. एक इंच उरला तर ए, दोन तर बी, तीन तर सी, चार तर डी. या बाईचं माप ३४ बी. ती जर ब्लाउजचा आकडा सांगून ३६ घेऊन आली, तर पट्टा दोन इंच ढिला पडणार आणि पाठीवर वर चढणार. मग ती खांद्याच्या पट्ट्या आवळते, आणि सगळा भार खांद्यावर येऊन तिथे वळ उठतात. काही कंपन्या चार इंच न मिळवता थेट खालचं माप छापतात, त्यांची अक्षरंही वेगळी पडतात. म्हणून डब्यावरचा तक्ता बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तो बघायला मागण्यात लाजण्यासारखं काही नाही, चप्पल घेताना आपण पाय घालून बघतोच की.

आणखी एक. वाटी बरोबर आहे पण पट्टा ढिला आहे, असं झालं तर आकडा दोननं कमी आणि अक्षर एकानं पुढे घ्या: ३६ बी ऐवजी ३४ सी. वाटी जवळपास तेवढीच राहते.

घातल्यावर आरशापेक्षा कामानं पारखा. हात वर करा, खुरपायला बसता तसं बसा, कापूस वेचता तसं वाका. पट्टा जागचा हलायला नको, पण त्याखाली दोन बोटं जायला हवीत. वाटीच्या वरून किंवा काखेतून अंग बाहेर येत असेल तर वाटी लहान आहे. वाटीला चुण्या पडत असतील तर मोठी.

दिवस गेले, दूध आलं, वजन कमी-जास्त झालं, तर माप पुन्हा घ्यायचं. पाजणाऱ्या बाईला घट्ट बॉडी नकोच, दूध तुंबून गाठ धरते. आणि दोरीवर आडोशाला वाळत घातलेला ओलसर कपडा घातला तर छातीखाली खाज आणि नायटा येणारच. त्याला ऊन दाखवा. बॉडीनं कॅन्सर होतो असंही कानावर येतं. २०१४ साली अमेरिकेत पाळी गेलेल्या पंधराशेहून जास्त बायकांकडून माहिती घेऊन हे तपासलं गेलं. तसा संबंध आढळला नाही. पण छातीत गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर ‘पट्टा लागला असेल’ म्हणून बसू नका, त्याच आठवड्यात दवाखान्यात दाखवा.

शेवटी हुकाबद्दल. मागे हुकांच्या दोन-तीन रांगा असतात, ती आपल्या चोळीची गाठच आहे. नवी बॉडी सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे ढिल्या रांगेवर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक धुऊन-धुऊन सैल पडलं की मधल्या रांगेवर यायचं, मग आतल्या. आतल्या रांगेवरही ती वर चढू लागली, की तिचं काम संपलं; मग ती भांडी पुसायला घ्या.