घर बांधणारा गाव मांडतो तेव्हा



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने नगररचनेवर बोलायला उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. पण गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि त्यांच्याखालच्या जमिनीचे आता काय होणार हे समजून घेण्यासाठी आम्हांला नकाशे वाचावे लागले. नकाशे वाचता वाचता ते काढणाऱ्या माणसांचीही ओळख झाली. त्यांपैकी एकाची हकीकत आज सांगावयाची आहे. वास्तुशास्त्र शिकून नगररचनेकडे वळावे असे मनात असलेली मुलेमुली या सभेत असतील. त्यांना ती उपयोगी पडेल, आणि ज्यांना नकाशाशी कधी कर्तव्य नव्हते त्या आपल्यासारख्यांना तर अधिकच.

चार्ल्स कोरिया हे मूळच्या गोव्याच्या घराण्यातले. त्यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादेस झाला. अमेरिकेत वास्तुशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९५८ सालापासून मुंबईत त्यांनी स्वतःचा व्यवसाय मांडला. साबरमतीच्या आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय हे त्यांच्या उमेदीच्या काळातले काम, १९६३ साली पुरे झालेले. असा माणूस सुंदर इमारती बांधीत सुखाने राहिला असता. वास्तुविशारदाचा धंदा तसा सरळ असतो. मालक येतो, जागा दाखवतो, गरज सांगतो आणि पैसे देतो. ज्याच्यासाठी घर, तोच समोर बसलेला असतो. नगररचनेत मात्र ही सोय नाही. तिथे पैसे देणारा एक, हुकूम काढणारा दुसरा आणि त्या गावात जन्म काढणारे लाखो लोक तिसरेच. आणि हे तिसरे टेबलापाशी बहुधा नसतात.

१९६४ साली मुंबई महानगरपालिकेने शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या. कोरिया, वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल या तिघांनी तो आराखडा बारकाईने पाहिला. मुंबई म्हणजे समुद्रात शिरलेली दक्षिणोत्तर चिंचोळी पट्टी. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि माणसांची घरे उत्तरेकडे सरकत चाललेली. सकाळी सारे शहर एका दिशेने धावते, संध्याकाळी उलट्या दिशेने. या तिघांचे म्हणणे असे की, रस्ते रुंद करून हे दुखणे बरे होणार नाही. खाडीच्या पलीकडे, पूर्वेला, कामधंद्यासकट दुसरे शहर वसवावे. १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकाने ही कल्पना सविस्तर छापली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही खाडीपलीकडच्या वाढीचाच सल्ला दिला. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे प्रमुख वास्तुविशारद झाले. ते काम त्यांनी काही वर्षे पाहिले.

या योजनेच्या मुळाशी जो हिशेब होता, तो आम्हां कामगारांना विशेष कळण्यासारखा आहे. शेताची जमीन शहराची झाली की तिची किंमत कैक पटींनी वाढते. ती वाढ कोणा एकाच्या घामाने होत नाही. रस्ता, पाणी, रेल्वे आणि माणसांची वस्ती यांमुळे होते. तेव्हा जमीन सार्वजनिक मालकीत घ्यावी आणि वाढलेल्या किमतीतून सोयी आणि गरिबांची घरे उभारावीत, असा तो विचार होता. कागदावर तो चोख होता.

प्रत्यक्षात काय झाले? नव्या शहराला गती यायची तर सरकारी कचेऱ्या तिकडे जायला हव्या होत्या. पण सरकार दक्षिण मुंबईतून हलले नाही, उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून नव्या कचेऱ्यांचे मनोरे उठले. खाडीवरचा पूल १९७३ साली झाला, आणि वाशीला लोकल पोहोचायला १९९२ साल उजाडले. मधली एकोणीस वर्षे ज्यांनी तिकडे संसार थाटले, त्यांनी बसच्या रांगेत काढली. घाऊक बाजार तिकडे गेले, त्यांच्यामागे पाठीवर पोती घेऊन माथाडी कामगार गेला. मंत्री मात्र गेले नाहीत.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. ज्या जमिनीवर हे शहर रेखाटले गेले, ती ओसाड नव्हती. तिथे ९५ गावे होती. भातखाचरे होती, मिठागरे होती, आगरी-कोळ्यांची घरे होती. वाढत्या किमतीचा लाभ समाजाला मिळावा हे खरे, परंतु ज्याची जमीन गेली तोही समाजातलाच ना? जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-जासईच्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे मेली. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय त्यानंतर झाला. जे कलम पहिल्या दिवशी लिहायचे, ते रक्त सांडल्यावर लिहिले गेले. कोरियांनी सिडको सोडून तेव्हा बरीच वर्षे झाली होती, म्हणून हा दोष एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण नकाशात जो भाग कोरा दिसतो, तो खरेच कोरा आहे का, हे जाऊन पाहणे हा नगररचनेचा पहिला धडा आहे.

कोरियांच्या कामात विसंगती नव्हती असेही नाही. १९८३ साली पुरी झालेली मुंबईतली अठ्ठावीस मजल्यांची कांचनजंगा त्यांचीच, आणि त्याच सुमारास बेलापूरला साडेपाच हेक्टरांवर सुमारे ५५० कुटुंबांसाठी बांधलेली बैठी घरेही त्यांचीच. बेलापुरात सात-सात घरे एकेका अंगणाभोवती मांडली. कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे हाताशी चार पैसे आले की ज्याने त्याने आपले घर वाढवावे. गरीब माणूस एकदम घर बांधीत नाही, तो ते आयुष्यभर बांधीत असतो, हे ज्याला उमगले त्याने अर्धी नगररचना जाणली. फुटपाथवर ओटे बांधावेत, दिवसा तिथे फेरीवाल्याने बसावे, संध्याकाळी ते धुऊन काढावेत आणि रात्री बेघराने निजावे, अशीही सूचना त्यांनी केली होती. हा माणूस रस्त्यावरून डोळे उघडे ठेवून चालत होता, एवढे नक्की.

आता आमच्या दाराशी येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कसा विझला, हे या सभेला सांगायला नको. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. १९९६ साली राज्य सरकारने या जमिनींच्या अभ्यासासाठी कोरियांचीच समिती नेमली. शेजारशेजारच्या गिरण्यांचे वाटे एकत्र जोडावेत, म्हणजे तुकड्यातुकड्यांऐवजी सलग मैदान आणि सलग वस्ती मिळेल, असा तिचा रोख होता. पण २००१ साली नियम बदलला. वाटे पडायचे ते साऱ्या जमिनीचे नव्हे, आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचेच. गिरणी म्हणजे बहुतेक सारी बांधलेली जमीन. तेव्हा वाटणीला उरले काय? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम केला.

इथे आम्ही आमची चूक कबूल करतो. आम्ही मोर्चे काढले, घोषणा दिल्या, बोनसचा हिशेब पैपर्यंत पाठ केला. पण जमिनीच्या नियमातले वाक्य बदलले, तेव्हा त्याचा अर्थ चाळीचाळीत जाऊन वेळेवर सांगू शकेल असा माणूस आमच्याजवळ नव्हता. वेतनकरार ओळीओळीने वाचणारे आम्ही, शहराचा करार न वाचताच राहिलो.

म्हणून वास्तुशास्त्र शिकून नगररचनेकडे येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना सांगणे आहे, अवश्य या. त्या शिक्षणाच्या सोयी आपल्या देशात आहेत, आणि पालिकांना व सरकारी खात्यांना जाणती माणसे हवीच आहेत. कोरे मैदान दिसले की तिथे कोण राहते ते विचारा, आणि वर्षातून चार संध्याकाळी तरी एखाद्या वस्तीत बसून लोकांना त्यांचा आराखडा समजावून सांगा. तुमची ही चार संध्याकाळची मजुरी कोणी देणार नाही. पण तुमचा खरा मालक तिथेच भेटेल.

आणि बाकीच्या आपण सर्वांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खाडीपलीकडचे ते अवाढव्य शहर निघाले कशातून? विकास आराखड्यावर तीन नागरिकांनी दिलेल्या सूचनेतून. तो हक्क आजही कायद्याने प्रत्येकाला आहे. आपल्या गावचा आराखडा प्रसिद्ध होईल, तेव्हा तो पाहायला जा, आपली गल्ली त्यात शोधा, आणि मुदत संपण्याआधी अर्ज द्या. अर्जाला पदवी लागत नाही.