सोलांतुलें : एका आंबट चवीची साक्ष

गोव्याच्या ख्रिस्ती घरांत डुकराचे मांस अनेक रीतींनी शिजते. त्यांपैकी विंदालू आणि सोरपोतेल ही नावे दूरवर पोचली. सोलांतुलें हे नाव मात्र घराचा उंबरठा ओलांडून फारसे बाहेर गेले नाही. चरबीसह कापलेले मांस, आले, लसूण, मिरची, हळद आणि भिरंडाची वाळवलेली साल, म्हणजे सोले, एवढ्यांवर हा पदार्थ उभा असतो. कोंकणीत ‘सोलांतुलें’ म्हणजे ‘सोलांतले’. कशात शिजले ते हे नाव सांगते. काय शिजले याविषयी ते मौन पाळते. गोव्यातील धर्मांतराच्या इतिहासाकडे पाहण्याची एक वाट या नावाच्या व्याकरणातून निघते, आणि तिचा माग काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डुकराचे मांस दख्खनला परकीयांनी शिकवले, ही समजूत प्रथम दूर सारली पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अन्नभोगाचे प्रकरण आहे. डुकराच्या अंगावरचे केस काढून मांस कसे भाजावे, याचे वर्णन त्यात येते. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ वेगळ्याच कारणासाठी परिचित आहे. कांडण करताना महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात, याची नोंद त्यातच आहे. वराहमांस आणि ओवी यांची एकाच ग्रंथातील ही उपस्थिती पुढील इतिहासाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा बेट जिंकले आणि १५४३ मध्ये बारदेश व सासष्टी हे महाल मिळवले. त्यांच्याबरोबर जे वराहमांस आले, त्याला मायदेशीच एक वेगळा अर्थ चिकटला होता. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. त्यानंतर ही माणसे घरात जुना धर्म पाळतात काय, हे पाहण्याची एक कसोटी म्हणजे डुकराचे मांस खाण्याची त्यांची तयारी. जेवणाचे ताट असे साक्षीपुराव्याची जागा बनले. इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० मध्ये गोव्यात स्थापन झाले, तेव्हा ही संशयाची नजरही येथे पोचली. गोव्यातील सर्वच धर्मांतरितांना हे मांस नवे होते असे नाही. ज्या जातींना ते निषिद्ध होते, त्यांच्यासाठी मात्र ते खाणे म्हणजे परतीची वाट बंद होणे होते.

या काळाचा एक साक्षीदार म्हणजे गार्सिया द ऑर्ता. धर्मांतरित ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या वैद्याचा भारतीय वनस्पती व औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात ‘ब्रिंदाँव’ या फळाचे वर्णन आहे. आतून रक्तासारखे लाल, चवीला अतिशय आंबट, आणि ज्याच्या सालीचा उपयोग व्हिनेगरसाठी करता येतो असे हे फळ म्हणजे आपले भिरंड. रत्नागिरीकडे त्यालाच रातांबा म्हणतात. ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थीही उकरून जाळल्या गेल्या. कोंकणच्या आंबट फळाची नोंद छापील पोर्तुगीज ग्रंथात करणारा माणूस स्वतः त्या संशयाचा बळी ठरला.

आता विंदालू आणि सोलांतुलें शेजारी ठेवून पाहावेत. विंदालूचे मूळ पोर्तुगीज नाव मद्य आणि लसूण यांचे आहे. गोव्यात आल्यावर मद्याची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली आणि अमेरिकेतून पोर्तुगिजांमार्फत आलेली मिरची त्यात मिसळली. नाव परके राहिले, आंबटपणा स्थानिक झाला. सोलांतुलेंमध्ये नावही स्थानिकच आहे. शेजारच्या हिंदू घरात माशाच्या कालवणात पडणारे सोल येथे मांसात पडते.

साहित्याच्या अभ्यासकाला या ठिकाणी फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या या काव्यात कथा बायबलची आहे, छंद ओवीचा आहे, आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे योजलेला आहे. आशय बदलला तरी कानाला सवय असलेली लय टिकून राहिली. सोलांतुलेंमध्ये जिभेच्या बाबतीत तेच घडले. फरक एवढाच की ख्रिस्तपुराणाला कर्त्याचे नाव आहे आणि मुद्रणाचे साल आहे. सोलांतुलें रचणाऱ्या स्त्रियांची नोंद कोणीही ठेवली नाही.

सत्तेची नजर या दोन्ही क्षेत्रांवर होती. १६८४ मध्ये कोंकणीचा वापर तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा निघाली. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने काढलेला फतवा अ. का. प्रियोळकर यांच्या १९६१ सालच्या इन्क्विझिशनविषयक ग्रंथामुळे सुपरिचित झाला आहे. तुळस लावू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, हिंदूंप्रमाणे मिठाविना भात शिजवू नये, असे तो बजावतो. भातातल्या मिठापर्यंत पोचणारी ही नजर माणसाच्या जिभेला मात्र ताब्यात घेऊ शकली नाही. मांस कोणते खाल्ले याची साक्ष काढता येते. ते कोणत्या आंबटाने रुचकर वाटते, याची काढता येत नाही.

पदार्थाची कृतीही याला दुजोरा देते. भिरंड एप्रिल-मे महिन्यांत पिकते. त्याची साल फळाच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवतात, आणि ती वर्षभर पुरते. मांस मंद विस्तवावर स्वतःच्या चरबीत शिजते, त्यामुळे तेलाची गरज फारशी भासत नाही. सोलांचा आंबटपणा या चरबीचा जडपणा कापतो. दुसऱ्या दिवशी चव अधिक मुरते. या सगळ्यात बाजारातून आणावे असे थोडे आणि परसातून यावे असे पुष्कळ आहे.

याच सह्याद्रीच्या दक्षिणेला, कोडगूमध्ये, कोडव लोक पंदी करी करतात. पंदी म्हणजे डुक्कर. भिरंडाच्याच कुळातील फळाचा रस आटवून केलेला काळा दाट ‘काचंपुळी’ हा अर्क तिच्यात अखेरीस घालतात. शस्त्रपूजेच्या कैलपोद सणाला तांदळाच्या कण्यांच्या कडंबुट्टूबरोबर ती अभिमानाने वाढली जाते. तेथे या मांसाने कोणाचा धर्म बदलला नाही की कोणाला जातीबाहेर काढले नाही. ते कुळाच्या शौर्याचे चिन्ह आहे. एकाच पर्वतरांगेवर, एकाच कुळातील फळांबरोबर, तेच मांस एके ठिकाणी संशयाची कसोटी ठरते आणि दुसरीकडे उत्सवाचे अन्न. तेव्हा तो अर्थ मांसात नसतो. ताटाभोवती उभ्या असलेल्या सत्तेने तो त्याला दिलेला असतो.

ताटावरून माणसाचा धर्म आणि निष्ठा ठरवण्याची सवय इन्क्विझिशनबरोबर १८१२ मध्ये संपली असे म्हणता येणार नाही. म्हणूनच सोलांतुलेंसारख्या नावाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले पाहिजे. फतवे काय बंद केले ते सांगतात. काय चालू राहिले ते अशा नावांत शिल्लक असते, आणि ते वाचायला कोंकणीतला एक साधा प्रत्यय पुरतो.