ग्रंथालयाचे दार मुलांसाठी कसे उघडले

सन १९५९ मधली गोष्ट. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात लेक सिटी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात नऊ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा एकटाच गेला. हवी ती पुस्तके त्याने निवडली आणि ती घरी नेण्यासाठी तो टेबलापाशी जाऊन उभा राहिला. हे ग्रंथालय काळ्या लोकांसाठी नाही, असे त्याला सांगण्यात आले. तो हलेना. पोलिसांना बोलावीन, अशी ताकीद मिळाली, तरी तो जागच्या जागी बसून राहिला. पोलीस आले, मुलाची आईही धावत आली आणि अखेर पुस्तके त्याला द्यावी लागली. या मुलाचे नाव रोनाल्ड मॅकनेअर. पुढे त्याने पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळविली, तो अंतराळवीर झाला आणि २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यानाच्या अपघातात इतर सहा जणांबरोबर मरण पावला. ज्या ग्रंथालयात त्याला अडविले होते, त्याच इमारतीत आज त्याच्या जीवनकार्याचे संग्रहालय आहे.

वाचक हो, ही गोष्ट वाचून आपल्याला त्या टेबलामागच्या बाईंचा राग येतो. परंतु मुलाला ग्रंथालयात येऊ द्यावे की नाही, हा प्रश्न त्या देशात वर्णभेदापुरताच कधी नव्हता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तेथील बहुतेक ग्रंथालयांत गोऱ्या मुलांनाही मज्जाव असे. बारा किंवा चौदा वर्षे पुरी झाल्याशिवाय पुस्तक मिळत नसे. मुले गोंगाट करतात, त्यांचे हात मळके असतात, ती पाने फाडतात, ही त्यामागची कारणे. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप का, असे विचारले तर आजही हीच कारणे ऐकावयास मिळतात. मी स्वतःही ती कधीमधी दिलेली आहेत.

हा मज्जाव मोडण्याचे श्रेय एका माणसाला देता येणार नाही. हार्टफर्ड येथील ग्रंथपाल कॅरोलाइन ह्यूइन्स यांनी १८८२ साली पंचवीस ग्रंथालयांना पत्रे धाडली आणि मुलामुलींना चांगल्या वाचनाची गोडी लागावी म्हणून आपण काय करता, असा साधा प्रश्न विचारला. त्याच वर्षी त्यांनी मुलांसाठी निवडक पुस्तकांची यादीही छापून प्रसिद्ध केली. १८९० साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे मुलांसाठी वेगळी खोली झाली, पण ती तळघरात! आणि देखरेखीला कोण, तर इमारतीचा झाडलोट करणारा रखवालदार. मुलांची सोय व्हावी, यापेक्षा मोठ्यांची शांतता भंगू नये, हाच त्यामागचा हेतू होता. तरी पण दार किलकिले झाले ते झालेच.

ते सताड उघडले अ‍ॅन कॅरोल मूर या बाईंनी. त्यांचा जन्म १८७१ चा, मेन राज्यातला. वडील वकील. त्यांच्याच कचेरीत त्या कायदा शिकू लागल्या होत्या. १८९२ साली आईवडील दोघेही वारले आणि तो मार्ग खुंटला. मग ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ग्रंथपालनाचे शिक्षण घेतले. तेथील मुलांचा विभाग दहा वर्षे सांभाळल्यावर १९०६ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या सर्व शाखांतील मुलांच्या कामाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

त्यांनी काय केले? वयाची अट काढून टाकली. ‘शांतता राखा’ च्या पाट्या उतरविल्या आणि त्या जागी चित्रे लावली. मुलांच्या उंचीची टेबले-खुर्च्या ठेविल्या. कथाकथनाचे तास सुरू केले आणि त्यासाठी सेवकवर्गाला मुद्दाम शिक्षण दिले. नवीन सभासद होणाऱ्या मुलाला एका मोठ्या वहीत आपले नाव लिहावे लागे. पुस्तके नीट वापरीन आणि नियम पाळीन, असे वचन त्या सहीत असे. एवढ्याशा मुलाच्या सहीला किंमत द्यावयाची, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. १९११ साली ग्रंथालयाची मुख्य संगमरवरी इमारत खुली झाली, तेव्हा तीत मुलांचे दालन होते आणि ते तळघरातले अडगळीचे नव्हते. १९१३ साली न्यूयॉर्कच्या शाखांतून जेवढी पुस्तके घरी गेली, त्यांत एक तृतीयांश मुलांची होती.

नेमक्या याच सुमारास या चळवळीचा एक धागा आपल्याकडेही आला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले बडोद्याचे सयाजीराव महाराज अमेरिकेची ग्रंथालये डोळ्यांनी पाहून आले होते. १९०६ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु शाळा सोडल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेले अक्षर पुसले जाते, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणिले. गावोगाव लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये निघाली आणि बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग झाला.

असो. पुन्हा अमेरिकेकडे वळू. मुले आत आली, परंतु त्यांना द्यावयास चांगली पुस्तके पुरेशी कोठे होती? १९१९ मध्ये बालपुस्तक सप्ताह सुरू झाला. त्यात पुढाकार घेणारे फ्रेडरिक मेल्चर हे पुस्तक व्यवसायातले गृहस्थ. १९२१ साली ग्रंथपालांच्या परिषदेत त्यांनी सुचविले की, वर्षातील उत्कृष्ट बालपुस्तकाच्या लेखकाला पदक द्यावे आणि ते मुलांच्या ग्रंथपालांनी निवडावे. पदकाला नाव दिले जॉन न्यूबेरी यांचे. हा अठराव्या शतकातला लंडनचा पुस्तक विक्रेता. १७४४ साली त्याने मुलांच्या करमणुकीसाठी एक चिमुकले पुस्तक काढले आणि त्याबरोबर मुलग्यांना चेंडू व मुलींना टाचण्या टोचावयाची गादी वरचे दोन पेन्स घेऊन दिली. माणूस व्यापारी खरा, पण मूल हेही गिऱ्हाईक आहे, हे त्याला कळले होते.

पहिले न्यूबेरी पदक १९२२ साली व्हान लून यांच्या मानवजातीच्या इतिहासावरील ग्रंथाला मिळाले. पदक कांस्याचे, रोख रक्कम शून्य. पण पदकाचा शिक्का बसला की ते पुस्तक देशभरच्या ग्रंथालयांत जाई आणि वर्षानुवर्षे छापले जाई, म्हणून प्रकाशकही मुलांसाठी लेखक शोधू लागले. १९३८ पासून चित्रकारांसाठी कॅल्डिकॉट पदक निघाले.

१९२८ चे न्यूबेरी पदक एका हिंदी माणसाला मिळाले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. धनगोपाल मुखर्जी हे त्यांचे नाव. कलकत्त्याजवळच्या खेड्यात १८९० साली जन्मलेला हा तरुण जपानमार्गे अमेरिकेत गेला, तेथे शिकला आणि इंग्रजीतून मुलांसाठी लिहू लागला. त्याच्या पदकविजेत्या पुस्तकाचा नायक चित्रग्रीव नावाचे कबूतर आहे. कलकत्त्याच्या गच्चीवर वाढलेले हे पाखरू पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणांगणावर हिंदी फौजेचे निरोप नेते आणि मनात बसलेली भीती घेऊन परतते. गच्चीवर कबुतरे पाळणाऱ्या आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना हे पुस्तक मिळाले, तर ती अभ्यास विसरतील!

मात्र, कलकत्त्याच्या कबुतराला १९२८ साली मान मिळाला, पण त्याच देशात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कृष्णवर्णीयांपैकी कोणा लेखकाला हे पदक मिळावयास १९७५ साल उजाडावे लागले. त्या लेखिका व्हर्जिनिया हॅमिल्टन. मध्ये सत्तेचाळीस वर्षे गेली.

या सत्तेचाळीस वर्षांत खरे काम केले ते हार्लेम वस्तीतल्या ग्रंथपालांनी. तेथील १३५ व्या रस्त्यावरील शाखेत १९२१ साली पूरा बेलप्रे ही पोर्तो रिकोची तरुणी कामाला लागली. मुलांची कपाटे तिने धुंडाळली, पण आजीच्या तोंडून ऐकलेली एकही गोष्ट तिला तेथे सापडेना. तेव्हा तीच गोष्टी सांगू लागली, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही. झुरळीण आणि उंदीरमामा यांच्या लग्नाची तिची गोष्ट १९३२ साली छापून निघाली. घरात एक बोली, शाळेत दुसरी, ही अडचण आपल्या मुलांना नवी नाही. म्हणून आपली भाषा बोलणारी बाई टेबलामागे दिसल्यावर त्या मुलांना काय वाटले असेल, हे मला कोणी समजावून सांगावयास नको.

त्याच शाखेत १९३७ साली ऑगस्टा बेकर आल्या. काळ्या माणसाला विदूषक किंवा अडाणी नोकर म्हणून रंगविणारी पुस्तके त्यांनी बाजूला काढली आणि १९३९ साली चांगल्या पुस्तकांचा वेगळा संग्रह उभारला. पुस्तके थोडी पडली, तेव्हा त्या प्रकाशकांच्या व संपादकांच्या पाठीस लागल्या. १९६१ साली त्या साऱ्या न्यूयॉर्क ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख झाल्या. पूर्वी मूर बाई ज्या कामावर होत्या, तेच हे काम.

तरीही स्थिती काय होती? नॅन्सी लॅरिक या बाईंनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तके विचारात घेतली. त्यांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे शेकडा पावणेसातांहूनही कमी, एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते. १९६५ साली त्यांनी हा हिशेब छापला. पुस्तकांतली मुले नेहमी गोरीच का, असे पाच वर्षांच्या एका मुलीने विचारल्याचे त्यांनी आरंभीच सांगितले होते.

मोठी नावेही कशी चुकतात, तेही येथे सांगितले पाहिजे. मूर बाईंचा शब्द शेवटी इतका जड झाला की, त्यांना नापसंत पुस्तक ग्रंथालये घेताना कचरत. पुढे घरोघर वाचले गेलेले ‘गुडनाइट मून’ हे १९४७ चे चित्रपुस्तक न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात १९७२ पर्यंत नव्हते. ज्यांनी दार उघडले, त्याच दारात उभ्या राहिल्या, असे म्हणावे लागते.

१९६९ साली अटलांटिक सिटी येथे ग्रंथपालांचे अधिवेशन भरले होते. मेबेल मॅकिसिक आणि ग्लिंडन ग्रीर या दोन शालेय ग्रंथपाल बाई एका प्रकाशकाच्या दुकानी मार्टिन ल्यूथर किंग यांचे चित्र मागावयास गेल्या. बोलता बोलता, कृष्णवर्णीय लेखकाला अजून एकही न्यूबेरी पदक नाही, ही खंत निघाली. शेजारी उभे असलेले प्रकाशक जॉन कॅरोल म्हणाले, मग तुम्हीच पुरस्कार का सुरू करीत नाही? किंग यांच्या पत्नी कोरेटा यांच्या नावाने तो सुरू झाला. १९७० साली पहिला मान लिली पॅटरसन यांनी लिहिलेल्या किंग यांच्या चरित्राला मिळाला. ग्रंथालय संघटनेने त्याला अधिकृत मान्यता दिली, ती मात्र १९८२ साली. तोवर बारा वर्षे शिक्षिका व ग्रंथपाल यांनी तो आपल्या बळावर चालविला होता.

पूरा बेलप्रे यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ साली निघाला. त्या १९८२ मध्येच निवर्तल्या होत्या. न्यूयॉर्कमधल्या स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्यांत त्या अखेरच्या वर्षांपर्यंत बाहुल्या घेऊन मुलांना गोष्टी सांगत हिंडत असत.